न रुचलेला दुसरा भाग



तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे किंवा माझ्याहून वडील असतील, त्यांनी जत्रेतल्या तंबूत, मातीवर पोते अंथरून सिनेमा पाहिला असेल. मध्येच रीळ तुटायचे, अंधार व्हायचा, शिट्ट्या वाजायच्या. पुन्हा चित्र सुरू झाले की सगळे चिडीचूप. आणि खेळ संपल्यावर घराकडे चालताना कोणीतरी हटकून विचारायचेच, “मग पुढं त्या पोराचं काय झालं असंल हो?” सिनेमा तर संपलेला असे. पण ज्या माणसाशी दोन-तीन तास आपली ओळख झाली, तो तंबूबरोबर पुढच्या गावाला निघून जावा, हे मनाला पटत नसे.

हे ‘मग पुढं?’ फार जुने आहे. आजीची गोष्ट संपली तरी नातवंडे ‘मग?’ म्हणतच राहतात. त्या ‘मग?’ला उत्तर म्हणून गोष्टीचा दुसरा भाग निघतो. हल्ली तर एखादा चित्रपट लोकांना आवडला की त्याचा दुसरा, तिसरा भाग ठरलेलाच. आणि तो आला की चाहत्यांत दोन तट पडतात, हेही ठरलेलेच. एक म्हणतो, पहिल्याची सर नाही. दुसरा म्हणतो, पहिल्यापेक्षा उजवा. चहाच्या टपरीवर, एस.टी.त, शिक्षकांच्या खोलीत या विषयावर माणसे इतकी तापतात की ऐकणाराला वाटावे, घरातल्या कोणाच्या सोयरिकीचा प्रश्न आहे!

असे का होते? नुसत्या करमणुकीसाठी कोणी इतका जीव जाळील का? या प्रश्नाचा थोडा विचार आज मला तुमच्याबरोबर करायचा आहे. त्यासाठी मी एक जुने उदाहरण घेणार आहे. ते बंगालमधले आहे, पण गोष्ट एका खेड्यातल्या मुलाची, त्याच्या आईची आणि थोडीशी त्याच्या मास्तरांची आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटणार नाही.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय या बंगाली लेखकाची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यावरून सत्यजित राय यांनी चित्रपट काढला, तो १९५५ च्या ऑगस्ट महिन्यात कलकत्त्यात लागला. राय यांचा तो पहिलाच चित्रपट. पैसा अपुरा पडत होता, बायकोचे दागिने गहाण पडले होते. अखेरीस पश्चिम बंगाल सरकारने पैसा घातला तेव्हा चित्र पुरे झाले. नावाजलेले नटनट्या नाहीत, नाचगाणी नाहीत. सुरुवातीला प्रेक्षक बेताचेच होते. मग तोंडोतोंडी बातमी पसरली आणि गर्दी होऊ लागली. पुढे त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, फ्रान्समध्ये कान येथेही गौरव झाला.

गोष्ट साधी. निश्चिंदिपूर नावाचे खेडे. हरिहर हा गरीब भिक्षुक, त्याची बायको सर्वजया, मुलगी दुर्गा आणि धाकटा अपू. घरात एक म्हातारी आत्याबाई. दुर्गा शेजाऱ्यांच्या बागेतले पेरू चोरते, म्हातारीला नेऊन देते, आईचा मार खाते. बहीणभाऊ पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवतातून धावत जाऊन आगगाडी पाहतात. पावसात भिजून दुर्गेला ताप भरतो आणि ती जाते. बाप परगावाहून येतो तो लेकीसाठी लुगडे घेऊनच. शेवटी ते कुटुंब बैलगाडीत बसून गाव सोडते. बंगालच्या माणसाने या मुलाला आपल्या पोटचा म्हणून जवळ घेतले. कोणाला त्यात आपले बालपण दिसले, कोणाला वारलेली बहीण दिसली.

आता पुढे काय? राय यांच्या मनात आधी तीन भागांची योजना नव्हती. पहिल्याचे यश पाहून त्यांनी दुसरा हाती घेतला. ‘पथेर पांचाली’ कादंबरीचा उरलेला शेवट आणि तिचा पुढचा भाग ‘अपराजितो’, त्याचा सुरुवातीचा तिसरा हिस्सा, एवढ्यातून दुसरा चित्रपट तयार झाला. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे पहिल्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी, ‘अपराजितो’ पडद्यावर आला. लोक मोठ्या आशेने गेले. आणि बरेचसे नाराज होऊन परत आले. बंगालमध्ये हा चित्रपट चालला नाही.

का चालला नाही? नाराज झालेल्यांना अडाणी म्हणून मोकळे होण्याची एक सोपी सवय विद्वानांना असते. आपण तसे करू नये. त्यांचे म्हणणे नीट ऐकू या.

पहिली गोष्ट, त्यांचे गाव हरवले होते. पहिल्या भागात एक खेडे, एक घर, एक तळे. सारे कसे ओळखीचे. दुसऱ्या भागात काशी येते. घाट, गल्ल्या, कबुतरे. तिथे हरिहर मरतो. मग मायलेक मनसापोता नावाच्या दुसऱ्याच खेड्यात येतात. मग कलकत्ता. प्रेक्षकाचे पाऊल एका जागी ठरते न ठरते तोच बिऱ्हाड हलते. शिवाय दुर्गा नाही. ज्या पोरीने पहिल्या भागात सगळ्यांना लळा लावला, तिच्याविना घर ओके वाटते. अपूचेही तसेच. पहिल्या भागातला मोठ्या डोळ्यांचा मुलगा जाऊन दुसरा मुलगा येतो. आणि चित्र अर्धे होते न होते तोच तोही जाऊन मिसरूड फुटू लागलेला तिसराच मुलगा समोर उभा राहतो. कादंबरीत अपूला लीला नावाची मैत्रीण आहे. तिला चित्रपटात जागा मिळाली नाही, हेही कादंबरी वाचलेल्यांना खटकण्यासारखे होते.

पण ही सारी वरवरची कारणे. खरा सल वेगळाच होता. तो समजण्यासाठी दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध पाहायला हवा.

नवरा गेल्यावर सर्वजया एका श्रीमंताच्या घरी स्वयंपाकाला राहते. एके दिवशी आपला मुलगा मालकाच्या हाताखाली पोऱ्यासारखा राबताना तिला दिसतो. ती तिथल्या तिथे ठरवते आणि नात्यातल्या एका वृद्धाबरोबर मनसापोत्याला जाते. तिथे अपू भिक्षुकी शिकू लागतो. पण गावातली पोरे शाळेत जाताना पाहून त्यालाही शाळा हवीशी वाटते. तो आईजवळ हट्ट धरतो, आई ऐकते. सकाळी पूजा, मग शाळा. मुलगा हुशार निघतो. इन्स्पेक्टर शाळा तपासायला येतात तेव्हा तो असे काही वाचून दाखवतो की हेडमास्तरांची छाती फुगते. हे हेडमास्तर त्याला आपल्याजवळची पुस्तके वाचायला देतात. दूरदूरच्या देशांची, शोध लावणाऱ्या माणसांची पुस्तके. पृथ्वीचा एक लहानसा गोलही देतात. तो जिल्ह्यात दुसरा येतो, शिष्यवृत्ती मिळवतो आणि म्हणतो, मी कलकत्त्याला कॉलेजात जाणार.

शिक्षक मित्रांनो, इथपर्यंत ही आपल्या सत्कार-समारंभात सांगण्यासारखी गोष्ट आहे. पुढचे मात्र आपण व्यासपीठावरून सांगत नाही.

आई म्हणते, तू गेलास तर माझं कोण? वादावादी होते, रागाच्या भरात ती त्याच्या तोंडात मारते. मग तीच त्याच्यामागे जाते, समजूत घालते आणि साठवलेला पैसा त्याच्यापुढे करते. तो पृथ्वीचा गोल हातात घेऊन कलकत्त्याला जातो. रात्री छापखान्यात काम, दिवसा कॉलेज. वर्गात डोळा लागतो म्हणून बाहेर जावे लागते. सुटीत घरी येतो तेव्हा आई त्याच्या उशाशी बसून बोलत असते. मी आजारी पडले तर तू माझं औषधपाणी करशील ना, असे विचारते. उत्तर येत नाही. बघते तर मुलगा झोपलेला.

एकदा मात्र तो निघतो, स्टेशनावर जातो, गाडी येते, आणि तो चढत नाही. परत येतो आणि आईला सांगतो, गाडी चुकली. आईला केवढा आनंद! त्या एका दिवसाच्या आनंदावर ती पुढचे कितीतरी दिवस काढते. पुढे तो येणे लांबवत जातो. परीक्षा जवळ आली, अभ्यास आहे. ती झाडाखाली बसून दूरवर जाणाऱ्या गाडीकडे पाहत राहते. ती आजारी आहे; पण मुलाच्या अभ्यासाचा खोळंबा होईल म्हणून त्याला कळवू देत नाही. शेजारीण पत्र पाठवते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अपू धावत येतो तो रिकाम्या घरात.

तो रडतो. पोटभर रडतो. नात्यातला तो वृद्ध म्हणतो, आता इथेच राहा, भिक्षुकी सांभाळ, आईचे दिवस कर. अपू म्हणतो, श्राद्ध कलकत्त्यात करीन. गाठोडे उचलतो आणि निघतो. चित्रपट तिथे संपतो.

बंगाली प्रेक्षकांना रुचले नाही ते हे. राय यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की मायलेकांचे जे नाते आपण नेहमी गोड आणि भक्तीने भरलेले पाहतो, त्याच्याशी हे चित्र जुळेना, आणि प्रेक्षकांना धक्का बसला. आई मेल्यावर मुलाने गाव सोडून परीक्षेला जावे? अन् तोही आपला अपू? मूळ कादंबरी तर याच्याही पुढे जाते. आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर क्षणभर अपूच्या मनात सुटल्यासारखी काही भावना येऊन जाते आणि तिची त्याला स्वतःलाच भीती वाटते, असे विभूतिभूषणांनी लिहिले आहे. पुस्तकात हे डोळ्यांपुढून गेले. पडद्यावर त्याची नुसती सावली पडली, तरी माणसे अस्वस्थ झाली.

आपण मराठी माणसे याहून वेगळे वागलो असतो का? मला तरी तसे वाटत नाही. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ चा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले, आणि दोनच वर्षांनंतरच्या चित्रांतून ‘पथेर पांचाली’ला. आता कल्पना करा, त्या श्यामच्या गोष्टीचा पुढचा भाग कोणी काढला असता, आणि त्यात श्याम शहरात रमला, आईला पत्र टाकायला विसरू लागला असे दाखवले असते, तर? आपण खुर्च्या मोडल्या नसत्या, पण घरी येताना म्हणालो असतो, “छे! आमचा श्याम असा नाही.”

‘आमचा’. सारा वाद या एका शब्दात आहे. पहिला भाग आवडतो तेव्हा आपण त्यातल्या माणसाला आपला म्हणतो. दुसऱ्या भागात तो वाढतो, बदलतो, आपण नको म्हटले असते तेच नेमके करतो. तेव्हा आपल्याला राग येतो तो दिग्दर्शकाचा नसतो. आपले लेकरू हाताबाहेर गेल्याचा तो राग असतो. म्हणजे सर्वजयेला जे झाले, तेच प्रेक्षकालाही झाले! तिला अपू शेजेशी हवा होता, प्रेक्षकाला तो त्या गवतातच धावत राहायला हवा होता. आणि अपू तर दोघांनाही सोडून गाडीत बसला.

दुसरी बाजू अशी की काही जणांना हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. राय यांचे समकालीन दिग्दर्शक मृणाल सेन यांनी ‘अपराजितो’ला राय यांच्या चित्रपटांत फार वरचे स्थान दिले. १९५७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पहिला मान, सुवर्णसिंह, मिळाला. त्या वर्षी स्पर्धेत जपानचे कुरोसावा होते, इटलीचेच व्हिस्कोंती होते. आपल्या बंगालमध्ये न चाललेल्या चित्राने त्यांना मागे टाकले. तिथेच राय यांना कोणी विचारले, तुमच्या मनात तीन भागांची माला आहे का? आणि ते हो म्हणून गेले. तिसऱ्या भागाचे बीज असे परदेशात पडले.

म्हणजे व्हेनिसचे परीक्षक शहाणे आणि घरचे प्रेक्षक खुळे, असे समजायचे का? मी तसे समजत नाही. परीक्षकांना अपू नवा होता; त्याच्यावर त्यांची माया जडलेली नव्हती. घरच्यांची जडली होती. माया असेल तिथेच दुखते. नाराज झालेल्यांनी चित्रपट चुकीचा पाहिला असे नव्हे. त्यांना तो नीट कळला, आणि म्हणूनच सहन झाला नाही.

हे मी थोडे स्वतःच्या अनुभवावरून बोलतो. विशीत असताना मी हे दोन्ही भाग एका फिल्म सोसायटीत लागोपाठ दोन दिवस पाहिले. पहिल्याने वेड लावले. दुसरा मला रुक्ष वाटला. मित्रांना मी तसे ठासून सांगितलेही. मी तेव्हा शहरात शिकत होतो. रविवारी एस.टी.डी. बूथवर रांगेत उभा राहून घरी फोन करायचो. आई बोलायला लागली की माझा डोळा फिरणाऱ्या आकड्यांवर. दोन मिनिटे झाली की, “बरं, ठेवतो.” चित्रात आई बोलत असताना झोपी गेलेला मुलगा मला का आवडला नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते. वीस वर्षांनी तोच भाग पुन्हा पाहिला तेव्हा आले. फोन घेणारे माणूस तोवर राहिले नव्हते.

दोन-तीन वर्षांमागे आमच्या कॉलेजच्या सभागृहात मी हा चित्रपट मुलांना दाखवला. पोरे बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. संपल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग माझे एक सहकारी प्राध्यापक म्हणाले, “पहिल्यात काव्य होतं, ह्यात नुसता हिशेब आहे.” आमचे शिपाईमामा दाराशी उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “सर, पोरगं काय वाईट न्हवतं. पर सिनेमा वाईट. आसं आईला एकटीला मारत्यात व्हय?” शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. रात्रपाळीला कारखान्यात जाणारा, सकाळी वर्गात पेंगणारा. म्हणाला, “सर, तो चुकला असं मला वाटत नाही. पण आत्ता मला घरी जावंसं वाटतंय.” एकाच चित्रपटाविषयीची ही तीन मते. तिन्ही माणसे मला खरी वाटली.

आता तिसऱ्या भागाची हकीगत ऐका, म्हणजे मुद्दा पुरता स्पष्ट होईल. दुसरा पडल्यामुळे राय लगेच अपूकडे वळले नाहीत. आधी ‘पारश पाथर’ आणि ‘जलसाघर’ हे दोन वेगळे चित्रपट त्यांनी काढले, ते १९५८ साली आले. मग १९५९ च्या मे महिन्यात ‘अपूर संसार’. यात सौमित्र चॅटर्जी अपू झाले. त्यांचा विचार दुसऱ्या भागासाठीही झाला होता, पण त्या वयाच्या मानाने ते मोठे दिसत होते. अपूची बायको अपर्णा झाली शर्मिला टागोर, तेव्हा अवघी तेरा-चौदा वर्षांची. पुढे ‘आराधना’मुळे साऱ्या देशाला ठाऊक झाली तीच. हा तिसरा भाग लोकांनी डोक्यावर घेतला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले.

आता गंमत पाहा. तिसऱ्या भागात अपू काय करतो? बायको बाळंतपणात जाते. तो दुःखाने वेडापिसा होतो आणि जन्मलेल्या मुलाचे तोंडसुद्धा पाहत नाही. वर्षानुवर्षे भटकत राहतो. पोर आजोबांच्या घरी बापाविना वाढते. आईला पत्र टाकायला चुकणारा मुलगा बरा, की पोटच्या मुलाला टाकून जाणारा बाप? तिसऱ्यातला अपराध किती मोठा! तरी लोकांनी त्याला क्षमा केली. कारण शेवटी तो परत येतो. मुलगा काजल आधी त्याला दगड मारतो, बाप म्हणायला तयार होत नाही. पण अखेर त्याच्याबरोबर निघतो, आणि अपू त्याला खांद्यावर घेऊन चालू लागतो. परत येणाऱ्याला आपण सगळे माफ करतो. दुसऱ्या भागातला अपू परत येत नाही. तो पुढे जातो. तेवढे आपल्याला सोसत नाही.

पण मला सांगा, मधला भाग काढून टाकला तर त्या खांद्यावरच्या मुलाला काय वजन राहील? आपली वाट पाहत आई गेली, हे ज्याच्या उरात आहे, तो माणूस आपली वाट पाहणाऱ्या मुलाकडे उशिरा का होईना पण येतो. तिसऱ्याची गोडी दुसऱ्याच्या कडूपणातून आली आहे. लोकांनी तिसऱ्याला टाळ्या दिल्या, त्यांतल्या काही तरी दुसऱ्याच्या होत्या.

काळानेही थोडा न्याय केला. १९९३ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला आग लागली, तीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. जे उरले ते जपून ठेवले गेले. पुढे इटलीतल्या बोलोन्या शहरातील कारागिरांनी करपलेल्या फिती हाताने साफ केल्या, जोडल्या, आणि २०१५ साली तिन्ही भाग पुन्हा स्वच्छ रूपात पडद्यावर आले. आता नव्या पिढीला ते एकामागून एक सलग पाहता येतात. एका बैठकीत पाहणाऱ्याला दुसरा भाग खटकण्याचे कारण कमी. त्याला अपूवर चौदा महिने माया करीत वाट पाहावी लागलेली नसते.

आणि हा वाद तरी संपला का? नाही. राय १९९२ साली गेले, सौमित्र चॅटर्जी २०२० साली. त्यानंतर २०२१ मध्ये शुभ्रजित मित्र या दिग्दर्शकाने ‘अपराजितो’ कादंबरीच्या उरलेल्या शेवटावरून ‘अभियात्रिक’ नावाचा चित्रपट आणला. अपू आणि त्याचा मुलगा काजल पुढे कुठे गेले, याची ती गोष्ट. जुन्यासारखीच काळ्यापांढऱ्या रंगांत. अर्जुन चक्रवर्ती हे नवे अपू. त्याला उत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी जुने चाहते दोन बाजूंना विभागणारच. ‘मग पुढं?’ला उत्तर मिळाले म्हणून एकाला आनंद. आणि खांद्यावर मुलगा घेऊन चाललेल्या अपूला तिथेच राहू द्यायला हवे होते, असे दुसऱ्याचे म्हणणे. पासष्टाहून अधिक वर्षे झाली, पण माणसे अजून त्या मुलाला ‘आमचा’च म्हणतात. कोणत्याही गोष्टीला याहून मोठा मान तो कोणता?

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या आवडीच्या चित्रपटाचा दुसरा भाग येईल आणि मन खट्टू होईल, तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. हे चित्र खोटे आहे म्हणून मला राग आला, की खरे आहे म्हणून? दोन्ही होऊ शकते. नुसता गल्ला भरण्यासाठी काढलेले, पहिल्याचेच शिळे पुन्हा ऊन करून वाढलेले दुसरे भाग काही थोडे नाहीत. त्यांना नावे अवश्य ठेवावीत. पण माणूस वाढला, आपल्या मर्जीबाहेर गेला, एवढाच त्या भागाचा गुन्हा असेल, तर निकाल देण्याची घाई करू नये. पाच-दहा वर्षांनी ते चित्र पुन्हा पाहावे. चित्र तेच असते. पाहणारा बदललेला असतो.

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुम्हाला शेवटी एक वेगळी विनंती आहे. अपूला पृथ्वीचा गोल देणारे हेडमास्तर चित्रपटात थोडाच वेळ दिसतात. त्यांनी काही वाईट केले नाही. जे करायला हवे तेच केले. पण तो गोल घेऊन मुलगा निघाला, तेव्हा मागे एक आई राहिली, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपणही दर वर्षी अशी मुले पाठवतो. दहावीचा, बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटतो, फोटो निघतो. तो आपला पहिला भाग. दुसरा भाग त्या घरात सुरू होतो, आणि तो पाहायला आपण बहुधा जात नाही.

तेव्हा यंदा निकालाच्या दिवशी मुलाचे अभिनंदन करून झाले की त्याच्या आईकडेही वळा. तिला विचारा, “आता घरी कोण असतं तुमच्याजवळ?” आणि मुलाला जाता जाता सांगा, की अधूनमधून एखादी गाडी चुकव.